वाचकांचे प्रश्न : मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात का?

गेल्या अंकातील डार्विन यांच्या सिद्धांतावरील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख डार्विन यांच्या आधीच्या विचारांकडे, आणि त्यातही फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लॅमार्क यांच्याकडे होता. आयुष्यात कमावलेले किंवा गमावलेले शारीरिक गुण संततीला वारशाने मिळतात, ही लॅमार्क यांच्या नावाने ओळखली जाणारी कल्पना चुकीची ठरली एवढेच आपण शाळेत शिकतो. ती मुळात कोणाची होती, कशासाठी मांडली गेली आणि नेमकी कशाने मोडली, हे सांगायचे राहून जाते. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. लॅमार्कवाद म्हटला की जिराफाची मान आणि लोहाराचे खांदे ही उदाहरणे येतात. मुले विचारतात की, जिराफाला मान लांब व्हावीशी वाटली आणि ती झाली, असे एखादा शास्त्रज्ञ कसे मानेल? लॅमार्क खरोखर असे म्हणाले होते का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : नाही. आपल्या विद्यार्थ्यांना आलेली शंका अगदी योग्य आहे. लॅमार्क यांचा प्राणिशास्त्राच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथ १८०९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील कार्यकारणभाव असा आहे : परिस्थिती बदलली की प्राण्याच्या गरजा बदलतात, गरजा बदलल्या की त्याच्या हालचाली आणि सवयी बदलतात, सवयींमुळे काही अवयवांचा वापर वाढतो तर काहींचा घटतो, आणि हे अनेक पिढ्या चालू राहिले तर त्या अवयवाचे रूपच पालटते. यात प्राण्याच्या इच्छेला निर्णायक स्थान नाही. वनस्पतींना तर इच्छा नसतेच, तरीही त्या बदलतात हे दाखवण्यासाठी त्यांनी रॅननक्युलस ॲक्वाटिलिस या पाणवनस्पतीचे उदाहरण दिले. तिची पाण्याखालची पाने केसांसारखी बारीक चिरलेली असतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पोहोचलेली पाने रुंद असतात. माझ्या मते वर्गात जिराफाच्या आधी हे उदाहरण सांगावे, म्हणजे इच्छेचा गैरसमज मुळातच उद्भवणार नाही.

हा गैरसमज पसरला तो टीकाकारांमुळे. लॅमार्क १८२९ साली वारले. त्यांच्यावरील श्रद्धांजलीपर भाषण जॉर्ज क्युव्हिये या त्यांच्या सहकाऱ्याने लिहिले होते, आणि क्युव्हिये यांच्याही मृत्यूनंतर, १८३२ साली, ते फ्रेंच विज्ञान अकादमीत वाचले गेले. इच्छा आणि प्रयत्न यांतून अवयव जन्माला येतात असे मानणारा कल्पनाविलासी माणूस, अशी लॅमार्क यांची प्रतिमा त्या भाषणाने उभी केली. त्याच वर्षी चार्ल्स लायेल यांच्या भूशास्त्रावरील ग्रंथाचा दुसरा खंड निघाला. इंग्रजी वाचकांना लॅमार्क यांची सविस्तर ओळख झाली ती त्या खंडातून, म्हणजे त्यांचे खंडन करण्यासाठी लिहिलेल्या प्रकरणांमधून. मूळ फ्रेंच ग्रंथापर्यंत फार थोडे वाचक पोहोचले.

लॅमार्क यांनी मांडलेले दोन नियम मात्र मुळातून पाहण्यासारखे आहेत. पहिला असा की, ज्या प्राण्याची वाढ अजून पूर्ण झालेली नाही त्याच्या एखाद्या अवयवाचा वारंवार व सतत वापर झाला तर तो अवयव बळकट व मोठा होतो, आणि वापर थांबला तर तो दुबळा होत होत शेवटी नाहीसा होतो. दुसरा असा की, परिस्थितीच्या दीर्घ प्रभावाने जे मिळवले किंवा गमावले गेले ते प्रजननातून पुढच्या पिढीत टिकून राहते. परंतु त्यासाठी तो बदल नर आणि मादी या दोघांमध्ये, निदान ज्या जोडीपासून संतती होणार त्या दोघांमध्ये, झालेला असला पाहिजे. ही अट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. ती लक्षात घेतली तर लोहाराचे उदाहरण लॅमार्क यांच्याच नियमात नीट बसत नाही, कारण घण मारून खांदे कमावतो तो बाप, आई नव्हे. माणसांमध्ये वेगवेगळे गुण असलेल्यांची लग्ने होत असल्यामुळे असे मिळवलेले विशेष पुसले जातात, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

शिवाय या दोन नियमांवर त्यांचा मूळ सिद्धांत उभा नाही. सजीवांमध्ये साध्याकडून गुंतागुंतीच्या रचनेकडे जाण्याची एक अंगभूत प्रवृत्ती असते, हे त्यांच्या मते उत्क्रांतीचे मुख्य कारण होते. अगदी साधे जीव निर्जीव पदार्थांतून सतत नव्याने निर्माण होत राहतात आणि प्रत्येक मालिका हळूहळू वर चढत जाते, असे त्यांचे चित्र होते. वापर आणि वारसा यांचे नियम त्यांनी आणले ते या सरळ चढणीला फाटे का फुटतात हे समजावण्यासाठी. तीळभर डोळे उरलेली चिचुंद्रीवर्गातील भूमिगत जनावरे, पाणथळीतले लांब पायांचे पक्षी, बोटांमध्ये पडदे असलेले पाणपक्षी ही उदाहरणे त्या संदर्भात येतात, आणि जिराफाला त्यात एका परिच्छेदाएवढीच जागा आहे. फ्रान्समधला पहिला जिवंत जिराफ इजिप्तहून १८२६ साली मार्सेय बंदरात उतरला आणि १८२७ साली पॅरिसला पोहोचला. लॅमार्क ज्या संस्थेत प्राध्यापक होते, त्याच पॅरिसच्या वनस्पती उद्यानात त्याला ठेवले गेले. परंतु तोपर्यंत लॅमार्क यांची दृष्टी पूर्णपणे गेलेली होती.

मिळवलेल्या गुणांचा वारसा ही कल्पनादेखील त्यांची नव्हे. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या हवा, पाणी व स्थान यांवरील ग्रीक ग्रंथात लांबट डोक्यांच्या लोकांची हकिगत आहे. लहान मुलांची डोकी दाबून लांब करण्याची चाल त्यांच्यात होती आणि कालांतराने मुले तशाच डोक्याने जन्मू लागली, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे लॅमार्क यांच्यापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे ही समजूत विद्वानांत आणि सामान्यांत सारखीच रुजलेली होती. चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनीही १७९४ ते १७९६ या काळात छापलेल्या आपल्या ग्रंथात ती मान्य केली होती. लॅमार्क यांनी सर्वमान्य समजूत उचलली आणि जातींचे रूपांतर समजावण्यासाठी ती पद्धतशीरपणे वापरली. त्यांचे धाडस जाती बदलतात असे म्हणण्यात होते, आणि ते त्यांनी ११ मे १८०० रोजी विद्यार्थ्यांपुढील आपल्या व्याख्यानात पहिल्यांदा जाहीरपणे दाखवले.

प्रश्न : लॅमार्क यांना विरोध झाला तो चर्चच्या दबावामुळे, असे एका व्याख्यानात ऐकले. हे बरोबर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : धार्मिक नाराजी होती, परंतु त्यांच्या विरोधातील सर्वांत भक्कम युक्तिवाद हाडे मोजून केलेला होता. नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीबरोबर गेलेले प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रुआ सेंत-इलेर यांनी तिथल्या थडग्यांतून पशुपक्ष्यांच्या ममी पॅरिसला आणल्या. त्यांत प्राचीन इजिप्तमध्ये पूज्य मानल्या गेलेल्या आयबिस पक्ष्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुदळ्या किंवा शराटी पक्ष्याच्या भाईबंदाच्या, ममी होत्या. क्युव्हिये यांनी त्यांचा सांगाडा आजच्या पक्ष्याच्या सांगाड्याशी ताडून पाहिला आणि काहीही फरक नसल्याचे दाखवले. दोन-तीन हजार वर्षांत जर रेसभरही बदल होत नसेल, तर जाती बदलतात असे म्हणायला आधार कोणता, हा त्यांचा सवाल होता.

लॅमार्क यांचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी निरीक्षण नाकारले नाही. इजिप्तचे हवामान आणि भूमी या काळात बदललेली नाही, मग तिथल्या पक्ष्यांच्या सवयी बदलण्याचे कारणच काय, असे ते म्हणाले; आणि निसर्गाला जेवढा काळ हाताशी आहे त्याच्यापुढे तीन हजार वर्षे म्हणजे काहीच नाही, हेही त्यांनी बजावले. या वादात काळाच्या प्रमाणाविषयी त्यांचीच बाजू खरी ठरली. दुसरीकडे, प्राण्यांच्या अनेक जाती पृथ्वीवरून समूळ नष्ट झाल्या आहेत, हे क्युव्हिये यांचे म्हणणे खरे होते आणि लॅमार्क यांना ते पटत नव्हते. लॅमार्क मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १७९३ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, त्यांच्याकडे कीटक आणि कृमी यांचे अध्यापन सोपवले गेले. कण्याविना असलेल्या या सगळ्या प्राण्यांना एकत्र अभ्यासून त्यांची नीट विभागणी करणारे ते पहिले. शिंपल्यांचा मोठा संग्रह हाताळताना जीवाश्म शिंपले आणि आजचे शिंपले यांच्यात सलग मालिका लावता येते हे त्यांच्या ध्यानात आले. जुने शिंपले नष्ट झाले असे मानण्याऐवजी ते बदलत बदलत आजच्या रूपाला आले असे त्यांनी मानले. जातींच्या रूपांतराच्या विचाराकडे ते या वाटेने पोहोचले असावेत, असे विज्ञानाच्या अनेक इतिहासकारांचे मत आहे.

प्रश्न : डार्विन यांनीही मिळवलेल्या गुणांचा वारसा मानला होता, असे वाचनात आले. मग लॅमार्क विरुद्ध डार्विन ही मांडणीच चुकीची नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वारशाच्या मुद्द्यापुरती ती चुकीचीच आहे. १८५९ साली निघालेल्या डार्विन यांच्या प्रमुख ग्रंथात वापर आणि वापराचा अभाव यांच्या परिणामांवर स्वतंत्र विवेचन आहे. पाळीव बदके क्वचितच उडतात आणि जास्त चालतात. त्यांच्या पंखांची हाडे रानबदकाच्या तुलनेत, एकूण सांगाड्याच्या प्रमाणात, हलकी आणि पायांची हाडे जड असल्याचे डार्विन यांनी वजन करून दाखवले होते आणि त्याचा संबंध वापराशी जोडला होता. अंधाऱ्या गुहांत राहणाऱ्या प्राण्यांचे डोळे गेले त्याचे कारण तर त्यांनी सर्वस्वी न वापरणे हेच दिले. अंधारात डोळे असण्याने काही अपाय होत असेल असे त्यांना वाटेना, त्यामुळे नैसर्गिक निवड तिथे काय करणार हे त्यांना उलगडले नाही.

या अडचणीचे उत्तर पुढे जनुकशास्त्राने दिले. मेक्सिकोतील गुहांमध्ये ॲस्टिॲनॅक्स मेक्सिकॅनस या माशाचे आंधळे समूह राहतात. दोन वेगवेगळ्या गुहांतील आंधळ्या माशांचा संकर केला तेव्हा काही पिल्ले डोळस निघाली, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. दोन्ही ठिकाणी डोळे गेले ते वेगवेगळ्या जनुकांतील बिघाडांमुळे, आणि संकरात एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. उजेडात असा बिघाड घेऊन जन्मलेला मासा टिकला नसता. अंधारात तो सहज टिकला.

डार्विन यांची खरी अडचण होती ती वारसा नेमका चालतो कसा, ही. ग्रेगॉर मेंडेल यांचा वारशाचे नियम मांडणारा वाटाण्यांवरील निबंध १८६६ सालीच छापला गेला होता, परंतु विज्ञानजगताने त्याची दखल १९०० साली घेतली. डार्विन यांनी १८६८ साली स्वतःची एक कल्पना मांडली. शरीराच्या प्रत्येक भागातून अतिसूक्ष्म कण सुटतात, ते जननेंद्रियांत गोळा होतात आणि त्यांतून संततीचे शरीर घडते, अशी ती कल्पना. अवयव वापराने बदलला तर त्याचे कण बदलतील, म्हणजे मिळवलेल्या गुणांच्या वारशाला यात आपोआप जागा होती. डार्विन यांचे सावत्र आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन यांनी ही कल्पना प्रयोगाने तपासायचे ठरवले. एका रंगाच्या सशांच्या शरीरात त्यांनी दुसऱ्या रंगाच्या सशांचे रक्त भरले आणि मग त्यांची पिल्ले पाहिली. रक्तातून कण फिरत असतील तर पिल्लांत दुसऱ्या जातीची छटा दिसायला हवी होती. ती दिसली नाही. गाल्टन यांनी १८७१ साली हा निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे ठेवला. हे कण रक्तातूनच जातात असे आपण कुठेही म्हटलेले नाही, असे उत्तर डार्विन यांनी 'नेचर' नियतकालिकात दिले. शब्दशः ते खरे होते, पण मग कण जातात कोठून, हा प्रश्न तसाच उरला.

लॅमार्क आणि डार्विन यांच्यातला फरक वेगळ्या ठिकाणी आहे. लॅमार्क यांच्या मांडणीत परिस्थितीला उत्तर म्हणून प्रत्येक प्राणी बदलतो आणि सगळा समूह एकदम पुढे सरकतो. डार्विन यांच्या मांडणीत समूहातले प्राणी आधीपासूनच एकमेकांहून किंचित वेगळे असतात आणि परिस्थिती त्यांतून काहींना निवडते. वर्गात शिकवताना हा फरक पुढे ठेवला तर मुलांना तो अधिक चांगला कळेल.

प्रश्न : वाइझमन यांनी उंदरांच्या शेपट्या कापून लॅमार्क यांना खोटे ठरवले, असे म्हणतात. पण शेपटी कापणे म्हणजे शेपटी न वापरणे नव्हे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कान टोचतात, तरी मूल भोक घेऊन जन्मत नाही, हे तर आजीसुद्धा सांगेल. मग या प्रयोगाचे एवढे महत्त्व का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आक्षेप बरोबर आहे आणि तो वाइझमन यांनाही ठाऊक होता. फ्रायबुर्ग येथील प्राध्यापक ऑगस्ट वाइझमन यांनी १८८७ साली हा प्रयोग सुरू केला. त्याच वर्षी जर्मन निसर्गशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात जन्मतःच बिनशेपटीची मांजरे दाखवण्यात आली होती आणि आईची शेपटी अपघातात तुटल्यामुळे पिल्ले अशी जन्मली असा दावा केला गेला होता. इजा वारशाने उतरते, या त्या काळच्या प्रचलित दाव्याला वाइझमन यांनी दिलेले हे उत्तर होते. शेपट्या कापलेल्या आईबापांच्या पाच पिढ्यांपासून ९०१ पिल्ले झाली आणि त्यांत एकाचीही शेपटी तोकडी निघाली नाही. लॅमार्क यांचा नियम इजांविषयी नव्हता, त्यामुळे या प्रयोगाने तो थेट खोटा ठरत नाही. कान टोचण्यासारखे दाखले वाइझमन यांनीही दिले होते. चिनी स्त्रियांची बांधलेली पावले हा त्यांतला एक. प्रयोगाने नवे काय केले, तर सहज म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हकिगतींच्या जागी मोजणी आणली.

वाइझमन यांचे खरे योगदान त्यांच्या विचारात आहे. प्राण्याच्या शरीरातील जननपेशी इतर पेशींपासून फार लवकर वेगळ्या होतात, आणि पुढच्या पिढीत जाते ते केवळ जननपेशींतील द्रव्य, असे त्यांनी दाखवून दिले. दंडाचा स्नायू व्यायामाने कितीही फुगला तरी त्या बदलाची नोंद जननपेशीत जाऊन बसण्याचा मार्ग कोणता, असा प्रश्न त्यांनी केला. तोपर्यंत मिळवलेल्या गुणांचा वारसा गृहीत धरला जात होता आणि तो नाकारणाऱ्याने पुरावा द्यावा अशी अपेक्षा असे. वाइझमन यांच्यानंतर पुराव्याची जबाबदारी तो मानणाऱ्यावर आली. येथे एक मर्यादा नोंदवायला हवी. वनस्पतींमध्ये जननपेशी अशा आरंभीच वेगळ्या पडत नाहीत. वाढत्या शेंड्यातून फुले आणि त्यांतील बीजपेशी उशिरा तयार होतात. शेवटच्या प्रश्नात याचा संबंध येईल.

प्रश्न : आमच्या भागात बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी दिसेनाशी झाली होती. आता गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देत नाही. अळी विषाला हळूहळू सरावली आणि तिने तो गुण पिल्लांना दिला, असेच ना? मग लॅमार्क बरोबर नाहीत का? (एक शेतकरी, यवतमाळ)

उत्तर : आलेल्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण याचे उत्तर चुकले तर शेतातला उपायही चुकतो. बाहेरून पाहता दोन्ही मांडण्या सारख्याच दिसतात : आधी अळ्या मरत होत्या, काही वर्षांनी मरेनाशा झाल्या. प्रश्न असा आहे की, विष सोसण्याची ताकद विष खाल्ल्यानंतर निर्माण झाली की काही अळ्यांमध्ये ती आधीपासूनच होती.

हा प्रश्न कसा सोडवायचा हे १९४३ साली साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेल्ब्र्युक यांनी जिवाणूंवर प्रयोग करून दाखवले. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, आणि अब्जावधी जिवाणूंवर ते सोडले तरी थोडेसे जिवाणू वाचतात. लुरिया यांनी थोड्याथोड्या जिवाणूंपासून अनेक नळ्यांत स्वतंत्र वाढ केली आणि मग प्रत्येक नळीतील जिवाणू विषाणूंच्या तोंडी दिले. विषाणूची गाठ पडल्यावर प्रतिकार निर्माण होत असता तर सगळ्या नळ्यांत वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांत एकही वाचला नाही, तर काहींत शंभराहून अधिक वाचले. ज्या नळीत प्रतिकार देणारा बदल वाढीच्या सुरुवातीलाच योगायोगाने घडला होता तिथे त्याची मोठी संतती तयार झाली होती, आणि जिथे तो उशिरा घडला किंवा घडलाच नाही तिथे थोडी किंवा शून्य. म्हणजे बदल विषाणू येण्याआधीचा होता. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या तुकड्याने जिवाणूंच्या वसाहतींचा ठसा एका ताटलीवरून दुसऱ्यावर उतरवला आणि ज्यांचा विषाणूशी कधीही संबंध आलेला नाही अशा प्रतिकारक वसाहती वेगळ्या काढून दाखवल्या. हा पुरावा मी उंदरांच्या शेपट्यांपेक्षा कितीतरी वरचा मानतो.

बोंडअळीत हेच घडले. बीटी कपाशीत जिवाणूपासून घेतलेल्या जनुकामुळे एक विषारी प्रथिन तयार होते. हे प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि तिथून आतड्याला भोके पडण्याची क्रिया सुरू होते. ज्या अळ्यांच्या कॅडेरिन जनुकात बदल आहे त्यांना विष नीट चिकटत नाही; भारतातील प्रतिकारक गुलाबी बोंडअळीत असे बदल सापडले आहेत. अशा अळ्या सुरुवातीला अत्यंत विरळ होत्या. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुके असलेले वाण २००६ साली आले, आणि त्यांतील पहिल्या विषाविरुद्धचा गुलाबी बोंडअळीचा प्रतिकार गुजरातमधील अळ्यांत त्या दशकाच्या अखेरीस नोंदवला गेला. पुढे दुसऱ्या विषाविरुद्धही तो आला, आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झाले ते आपण स्वतः पाहिले आहे. साध्या अळ्या मरत गेल्या, विरळ होत्या त्या उरल्या, आणि त्यांचीच आपसांत वीण झाली.

बिगर-बीटी कपाशीच्या ओळींचे प्रयोजन आता स्पष्ट होईल. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर बिगर-बीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट दिले जाई. त्या ओळींवर साध्या, विष न सोसणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांची वीण प्रतिकारक पतंगांशी व्हावी आणि होणारी संतती पुन्हा विषाला बळी पडावी, असा त्यामागचा हिशेब होता, कारण हा प्रतिकार आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय सहसा पुरता प्रकट होत नाही. अळी सरावते असे मानले तर मुद्दाम अळ्या जगवणाऱ्या या ओळी वेडेपणाच्या वाटतात, आणि बहुतेक ठिकाणी ती पाकिटे पेरलीच गेली नाहीत. त्यात गुलाबी बोंडअळीची उपजीविका मुख्यतः कपाशीवरच, आणि फरदड घेतल्यामुळे, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही पीक शेतात ठेवल्यामुळे, तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत राहिले, म्हणजे निवडीला वर्षात आणखी पिढ्या मिळाल्या. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटून शेत मोकळे करण्याचा, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) तोडून नष्ट करण्याचा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात बिगर-बीटी कपाशीचा नियम कसोशीने पाळला गेला तेव्हा हीच अळी बीटीला वर्षानुवर्षे बळी पडत राहिली.

प्रश्न : सोव्हिएत रशियातील लिसेंको प्रकरण म्हणजे लॅमार्क यांचाच विचार ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : अंशतः. थंडी देऊन गव्हाच्या हंगामी स्वभावात कायमचा, वारशाने उतरणारा बदल करता येतो, असा सोव्हिएत कृषितज्ज्ञ त्रोफिम लिसेंको यांचा दावा होता, आणि तो मिळवलेल्या गुणांच्या वारशाचाच प्रकार होता. परंतु त्या प्रकरणातील अनर्थाचे कारण ही कल्पना नव्हे. ती तपासण्याची मुभा सरकारने काढून घेतली, हे आहे. पिकांच्या उगमस्थानांचा शोध घेत जगभरची बियाणी गोळा करणारे आणि लिसेंको यांना विरोध करणारे निकोलाय वाव्हिलोव्ह यांना ऑगस्ट १९४० मध्ये अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये सोव्हिएत कृषी अकादमीच्या अधिवेशनात मेंडेल यांच्या जनुकशास्त्रावर अधिकृतपणे बंदीच आली. लॅमार्क यांचा याच्याशी संबंध जोडणे अन्यायाचे आहे. त्यांनी आपल्या विरोधकांना उत्तरे दिली ती ग्रंथांतून.

प्रश्न : अलीकडे एपिजेनेटिक्सविषयी वाचताना लॅमार्क पुन्हा खरे ठरले, अशी विधाने दिसतात. आईवडिलांच्या अनुभवांचे ठसे मुलांच्या जनुकांवर उमटतात, हे कितपत खरे? (एक वाचक, बंगळुरू)

उत्तर : डीएनएतील अक्षरांचा क्रम न बदलता त्यावर रासायनिक खुणा लागतात आणि त्यामुळे जनुके चालू किंवा बंद होतात, हे पक्के सिद्ध झाले आहे; एपिजेनेटिक्स म्हणजे अशाच बदलांचा अभ्यास. या खुणा पुढच्या पिढीत जातात का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वनस्पतींसाठी एक व प्राण्यांसाठी दुसरे आहे.

लिनारिया या वनस्पतीचे फूल दोन ओठांसारखे असते. तिचाच एक प्रकार सर्व बाजूंनी सारख्या, नळीसारख्या फुलांचा आढळतो. लिनियस यांनी १७४४ साली, म्हणजे लॅमार्क यांच्या जन्मवर्षी, त्याचे वर्णन केले आणि त्याला पेलोरिया असे नाव दिले. १९९९ साली त्याचा उलगडा झाला : फुलाचा आकार ठरवणाऱ्या जनुकाचा क्रम शाबूत होता, मात्र त्यावर दाट रासायनिक खुणा लागून ते बंद पडले होते, आणि ही स्थिती बियांमधून पुढे जात होती. जननपेशी आणि इतर पेशी यांच्यामधली वाइझमन यांची भिंत वनस्पतींत नसते असे वर म्हटले, त्याचा हा परिणाम. मात्र हा बदल कुठल्या गरजेपोटी झाला किंवा त्याने झाडाचा काही फायदा झाला, असे दिसत नाही, आणि एखाद्या फांदीवर पुन्हा नेहमीची फुलेही येतात.

सस्तन प्राण्यांत जननपेशी तयार होताना आणि गर्भ रुजण्यापूर्वी अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात. नेहमी दिले जाणारे उदाहरण १९४४-४५च्या हिवाळ्यातील हॉलंडच्या उपासमारीचे आहे. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार सोसलेल्या आयांच्या मुलांमध्ये, साठ वर्षांनंतरही, वाढीशी संबंधित एका जनुकावरील खुणा त्यांच्या इतर भावंडांपेक्षा कमी आढळल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अतिशय महत्त्वाचा आहे, पण तो वारशाचा पुरावा नव्हे. ती मुले त्या वेळी गर्भात होती, म्हणजे उपासमार त्यांनी स्वतः सोसली. गर्भ मुलीचा असेल तर तिची बीजांडे गर्भातच तयार होऊ लागतात, म्हणजे आई, मुलगी आणि नातवंडांचा उगम अशा तीन पिढ्या एकाच वेळी त्या परिस्थितीत असतात. आईच्या बाजूने खरा वारसा सिद्ध करायचा तर पणतवंडांपर्यंत जावे लागते, आणि माणसांत तसा निर्विवाद पुरावा आजवर नाही. आईच्या पोटातील बाळाच्या पोषणाची काळजी घ्यायला त्याची गरजही नाही. त्यासाठी पहिल्या पिढीवरचा परिणाम पुरेसा आहे.

लॅमार्क यांच्या दुसऱ्या नियमाशी सर्वांत जुळणारे उदाहरण जिवाणूंत सापडले, आणि तेही दुधाच्या विरजणात. योगर्ट व चीज यांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवर विषाणूंचे हल्ले होतात आणि सगळे विरजण वाया जाते. विषाणूच्या हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूंनी त्या विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा स्वतःच्या डीएनएत, क्रिस्पर नावाच्या ठरावीक जागी, जोडून घेतलेला असतो, आणि त्यामुळे त्यांना व त्यांच्या संततीला त्याच विषाणूपासून संरक्षण मिळते, हे २००७ साली प्रयोगाने सिद्ध झाले. येथे बदल हल्ल्यानंतर होतो, त्याच हल्ल्याला उद्देशून होतो आणि वारशाने पुढे जातो. मात्र हल्ला झालेल्या असंख्य जिवाणूंपैकी अगदी मोजक्यांनाच तुकडा जोडून घेणे साधते आणि बाकीचे मरतात, त्यामुळे त्या विरजणात पुढे कोणाची संतती वाढणार हे येथेही नैसर्गिक निवडच ठरवते.